सोवळं एकट्याचं नसतं

देवापुढच्या ताटातल्या लाल भाजीत कॅडमियम असेल आणि भातात आर्सेनिक असेल, तर तो नैवेद्य शुद्ध म्हणायचा की अशुद्ध? स्वयंपाक करणारी न्हाऊन सोवळं नेसली आहे. तांदूळ तीनदा धुतले आहेत, भाजी पानन् पान निवडली आहे, वाढण्याआधी कुणी चव घेतलेली नाही. शास्त्राने सांगितलेलं एकही अंग राहिलेलं नाही. तरीही दोष आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि उकळून जात नाही. पाणी आटेल तसा तो दाटच होतो.

रायपूरच्या समता कॉलोनीत मी संसार केला, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि घरचा कुळाचार सांभाळला. प्रयोगशाळेत मुलांना सांगायची की रासायनिक क्रियेत मूलद्रव्य नष्ट होत नसतं, ते फक्त जागा आणि रूप बदलतं. घरी आल्यावर सासूबाईंच्या हाताखाली वरणभाताचा नैवेद्य करायची. ही दोन्ही कामं कितीतरी वर्षं शेजारी शेजारी चालली, एकमेकांना विचारल्याशिवाय. आता निवृत्तीनंतर ती दोन्ही एकाच प्रश्नापाशी येऊन थांबली आहेत. शुद्ध अन्न म्हणजे काय, आणि ते शुद्ध राखणं हे नेमकं कुणाचं काम?

छत्तीसगडात मराठी घरं जुनी आहेत. बिंबाजी भोसले रतनपुरात राज्य करत होते त्या काळापासूनची काही, पुढे कचेऱ्या, शाळा आणि रेल्वेच्या नोकऱ्यांसाठी आलेली काही. आमच्या शेजारच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे. बाजारात छत्तीसगडी, कचेरीत हिंदी आणि घरात मराठी, अशी आमची रीत. सासूबाईंचं सोवळं कडक होतं. अन्न देवाला द्यायचं आहे, तेव्हा त्याच्याशी हलगर्जीपणा करायचा नाही, हे त्यांचं साधं म्हणणं. त्या आदरावर माझा आजही विश्वास आहे. माझा प्रश्न त्या आदराच्या कक्षेविषयी आहे. ती कक्षा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी संपते का?

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार नारदाला सांगतात की आहार शुद्ध झाला की अंतःकरण शुद्ध होतं, त्यातून स्मृती स्थिर होते आणि मग मनाच्या गाठी सुटतात. या उपदेशावर आपल्या परंपरेत दोन मोठी मतं झाली. शंकराचार्यांनी आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेलं सगळं असा अर्थ केला, म्हणजे राग, द्वेष आणि मोह यांच्यापासून ते ग्रहण मुक्त असावं. रामानुजाचार्यांनी आहार म्हणजे खरोखरचं अन्नच मानलं आणि त्याचे तीन दोष सांगितले. पहिला जातिदोष, म्हणजे पदार्थाच्या जातीतच असलेला, जसा कांद्यालसणाचा मानतात. दुसरा आश्रयदोष, ज्याच्याकडून अन्न येतं त्याच्यामुळे लागणारा. तिसरा निमित्तदोष, म्हणजे अन्नात केस पडणं, ते उष्टं होणं.

हा सगळा विचार रायपूरच्या माणसाला परका नाही. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे विवेकानंद, वडिलांच्या कामामुळे इथे आला आणि सुमारे दोन वर्षं बूढापाऱ्यात राहिला. तिथल्या बूढा तालावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात, आणि स्वामी आत्मानंदांनी उभा केलेला विवेकानंद आश्रम आमच्या भागापासून लांब नाही. पुढे विवेकानंदांनी भक्तियोगावर बोलताना शंकर आणि रामानुज या दोघांचीही मतं शेजारी ठेवली आणि दोन्ही खरी, दोन्ही गरजेची असं म्हटलं. पण धर्म चुलीपाशी आणि शिवाशिवीपाशी येऊन अडकला आहे, असं परखडपणे सांगणारेही तेच होते. आश्रमातल्या ग्रंथालयात ही पानं वाचताना मी रसायनशास्त्राची बाई म्हणून पुन्हा पुन्हा एकच पडताळा घेते. कॅडमियम रामानुजांच्या तीन दोषांपैकी कोणत्या दोषात बसतं?

ते जातिदोषात बसत नाही. लाल भाजी ही सात्त्विकच भाजी. निमित्तदोषात म्हणावं तर केस काढून टाकता येतो, धातू काढता येत नाही. राहिला आश्रयदोष. त्याच्यापाशी थांबायला हवं, कारण आपल्या समाजाने सर्वांत जास्त अन्याय याच दोषाच्या नावाने केला आहे. कुणाच्या हातचं खायचं नाही, कुणी पाणी भरलं तर विहीर बाटते, हे सगळं त्याचंच पीक. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतची माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी घागरी भरभरून पंचगव्य तळ्यात ओतलं आणि तळं शुद्ध झाल्याचं जाहीर केलं. तळ्याला काहीही झालेलं नव्हतं. तहानलेल्या माणसाच्या ओंजळीने पाणी बिघडत नाही. जिथे दोष नव्हता तिथे तो पिढ्यान्‌पिढ्या शोधण्यात आपली सारी दक्षता खर्च झाली, आणि दोष खरोखर जिथून येतो त्या नाल्याच्या तोंडाशी उभं राहायला कुणी उरलं नाही.

धातूचा दोष इतर घाणीपेक्षा वेगळा का, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या शुद्धीच्या कल्पना शेण, मलमूत्र, प्रेत, रक्त अशा सडणाऱ्या गोष्टींच्या अनुभवातून आलेल्या आहेत. सडणारी वस्तू माती होते. ऊन, अग्नी, वारा, वाहतं पाणी आणि काळ तिला पचवतात. नदी आपल्या वेगाने शुद्ध होते हे स्मृतिकारांचं निरीक्षण त्या घाणीपुरतं खरंच होतं. धातूसाठीही त्यांनी विधी सांगितले आहेत, पण ते भांड्यांसाठी: कासं राखेने, तांबं आंबटाने स्वच्छ होतं. घासणारी माती आणि राख तिथे शुद्धीची साधनं आहेत. माती स्वतःच धातूने भरली तर तिला कशाने घासायचं? शिसं, कॅडमियम, पारा, क्रोमियम ही मूलद्रव्यं आहेत. आर्सेनिक काटेकोर अर्थाने धातुसदृश आहे, पण वागणं तसंच. त्यांना जाळलं तर ती राखेत किंवा धुरात जातात, पुरलं तर मातीत राहतात, वाहू दिलं तर गाळात बसतात. माणसाच्या मूत्रपिंडात गेलेलं कॅडमियम निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. ज्याला काळ पचवत नाही अशा दोषाशी आपल्या धर्मविचाराची गाठ पूर्वी पडलेली नव्हती.

आमच्या रायपूरला पाणी देणारी नदी खारून. महादेव घाटावरून ती उत्तरेला जाते आणि सोमनाथपाशी शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रं आहेत, तिथे स्पंज आयर्न आणि पोलादाचे कारखाने दाटीने उभे आहेत. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर बसणारी काळी धूळ हा इथल्या प्रत्येक घराचा अनुभव. शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांकडून येणारं पाणी छोकरा नाल्यासारख्या नाल्यांतून खारूनला मिळतं, आणि नाल्यांच्या, नदीच्या काठी बाड्या आहेत. बाडी म्हणजे भाजीचा मळा. उन्हाळ्यात कालवा बंद, विहीर आटलेली, तेव्हा नाला मात्र वाहत असतो. त्याच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर, त्यामुळे पालेभाजी तरारून येते. तिथे नाल्यावर पंप टाकणं हा शेतकऱ्याचा शहाणपणाच आहे.

कॉलोनीत टोपली घेऊन येणाऱ्या भाजीवालीला मी एकदा विचारलं की ही लाल भाजी आणि चेच भाजी कुठल्या पाण्यावरची. ती म्हणाली, "नरवा के पानी आय दाई, अउ कहाँ ले लाबो?" नाल्याचंच पाणी, दुसरं आणायचं कुठून? तिच्या उत्तरात लपवाछपवी नव्हती. पानावर धुळीतून बसलेलं शिसं धुण्याने काही अंशी जातं. मुळातून पानात चढलेलं कॅडमियम जात नाही, आणि फळभाज्यांपेक्षा पालेभाज्या ते जास्त साठवतात. म्हणजे सासूबाईंनी शिकवलेली पानन् पान निवडण्याची शिस्त उपयोगाची आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी शुद्धी माझ्या हातात नाही, त्या भाजीवालीच्याही हातात नाही. तीच भाजी ती स्वतःच्या मुलांना घालते.

मग पाप कुणाचं? कारखान्याचं, हे पहिलं उत्तर, आणि त्यात तथ्य आहे. पण पोलाद माझ्या खिडकीच्या गजांत आहे, फेकून दिलेल्या बॅटऱ्या शहराच्या कचऱ्यात आहेत, जुन्या रंगांत शिसं आहे, आणि स्फुरदाच्या खतात खडकातून आलेलं थोडं कॅडमियम असतं, ते शेतकरी स्वतःच्या हाताने शेतात टाकतो. कर्मसिद्धांत कर्ता, कर्म आणि फळ यांची सरळ रेघ मागतो. इथे कर्ते असंख्य आहेत, प्रत्येकाचं कर्म क्षुल्लक आहे, आणि फळ भोगणारा त्यांच्यापैकी कुणीच नसण्याची शक्यता अधिक.

याहून कठीण उदाहरण आमच्याच राज्यात आहे, तेही महाराष्ट्राच्या सीमेलगत. राजनांदगावच्या बाजूला अंबागड चौकी, त्या भागातलं कौडीकसा हे गाव. पलीकडे आपला गडचिरोली जिल्हा लागतो. १९९९ साली, हा मुलूख अजून मध्य प्रदेशात असताना, जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या भूजलातल्या आर्सेनिकविषयी आणि लोकांच्या त्रासाविषयी लिहिलं. तळहातांवर, तळपायांवर कडक गाठी, कातडीवर काळे डाग, ही आर्सेनिकच्या विषबाधेची खूण. पुढे रायपूरच्या रविशंकर विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी इतरांच्या मदतीने या भागातलं पाणी, माती, गाळ आणि तांदूळ असं सगळंच तपासलं. त्यांचा लेख २००५ चा. तिथे कोणताही कारखाना दोषी नाही. आर्सेनिक खडकातलं आहे, माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचं. ज्या विहिरीने जगवलं तिनेच ते वर आणलं.

अशा ठिकाणी पाप शोधणारा धर्म मुका होतो. मग काही जण पूर्वजन्माकडे वळतात, कारण दुःखाला कारण हवंच असतं. मला हे उत्तर निर्दय वाटतं. गावाच्या पायाखालचा खडक कोणता असावा हे गावातल्या पोराच्या मागच्या जन्मावर ठरलं, असं म्हणणं म्हणजे त्या पोराचं दुखणं पाहायचं टाळणं. कौडीकसाने मला शिकवलं ते असं: दोषी कुणी नसला तरी कर्तव्य उरतंच. कर्तव्य अपराधातून जन्मत असेल तर निरपराध जागी कुणालाच काही करायला नको. पण तहानलेल्याला सुरक्षित पाणी द्यायचं असतं, त्याची तहान कुणामुळे लागली हे ठरण्याआधी.

आर्सेनिकचं पाणी प्यायचं थांबवलं तरी ते शेतात जात राहतं. इथे भाताचा स्वभाव आडवा येतो. धानाचं शेत पाण्याने भरून राहतं, मातीतला प्राणवायू संपतो, मातीच्या कणांवरची लोखंडाची गंजासारखी पुटं विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक मोकळं होतं. या रूपातलं आर्सेनिक मुळाला सिलिकासारखं भासतं. धानाला सिलिका फार लागते, म्हणून त्याच वाटेने ते आत घेतलं जातं. मग शेतातलं पाणी काढून टाकावं? काढलं की आर्सेनिक कमी होतं खरं, पण त्या मातीत कॅडमियम असेल तर ते मोकळं होतं, कारण भरल्या शेतात गंधकाशी बांधून पडलेलं कॅडमियम हवा लागताच सुटतं आणि दाण्यात चढतं. पाणी ठेवा तर एक विष, काढा तर दुसरं. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनी पॉलिश केलेल्या तांदळात किलोमागे अकार्बनी आर्सेनिक ०.२ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.४ मिलिग्रॅम या मर्यादा ठरवल्या आहेत. शून्य कुणीच लिहिलेलं नाही, आणि लिहिता येणारही नाही. मातीत उगवलेल्या अन्नात मातीतलं सगळंच थोडं थोडं असतं. निखळ शुद्ध अन्न ही कल्पना मला म्हणूनच सोडून द्यावी लागली. तिच्या जागी काय ठेवायचं, हे शोधताना मला बराच काळ लागला.

एक मोह मात्र टाळायला हवा, आणि तो आमच्यासारख्या सुस्थितीतल्या घरांना जास्त होतो: आपल्यापुरतं अन्न शुद्ध करून घेण्याचा. घरात पाण्याचं यंत्र बसवायचं, तांदूळ लांबून मागवायचा, भाजी गच्चीवर पिकवायची. रायपूरच्या दूधाधारी मठाची कथा इथे सर्वांना ठाऊक आहे. मठाचे महंत बलभद्रदास फक्त दुधावर राहत. तो काळ वेगळा होता आणि ती तपस्या होती. आज कुणी अन्न सोडून दुधावर राहायचं ठरवलं तरी गाय पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, खाते, आणि आर्सेनिकच्या शेतातल्या पैऱ्यात दाण्यापेक्षा जास्त आर्सेनिक असतं. भात भरपूर पाण्यात शिजवून पेज ओतून दिली तर अकार्बनी आर्सेनिकचा काही भाग निघून जातो, हे विज्ञानाने सिद्ध केलेलं आहे, अर्थात शिजवण्याचं पाणी चांगलं असेल तर. पण छत्तीसगडच्या गरीब घरात ती पेज, इथल्या बोलीत पसिया, फेकत नाहीत. पितात, किंवा जनावराला घालतात. माझ्या पातेल्यातून निघालेला दोष दुसऱ्याच्या वाटीत जाणार असेल तर मी शुद्ध झाले असं मला म्हणता येईल का?

ही गोष्ट सगळ्यांत नीट समजते ती जपानमध्ये. तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर भातशेती होते. वरच्या बाजूला कामिओकाची जस्ताची खाण. तिथलं कॅडमियम नदीतून पाटात, पाटातून शेतात, शेतातून भातात आलं. बायकांची, त्यातही पोक्त वयाच्या, अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांची हाडं ठिसूळ होऊन मोडू लागली. आधी कारणच कळेना, आणि कर्माचं फळ समजणारेही तिथे होते. १९६८ साली जपान सरकारने हा रोग प्रदूषणातून झाल्याचं मान्य केलं. १९७१ साली खालच्या आणि १९७२ साली वरच्या न्यायालयात रुग्णांच्या बाजूने निकाल लागला. म्हणजे इथे कर्ता सापडला, कर्म सिद्ध झालं, भरपाईही मिळाली. पण निकालाने माती शुद्ध झाली नाही. शेतांतली वरची माती खाली गाडून तिच्यावर स्वच्छ माती घालण्याचं काम सुमारे ८६० हेक्टरांवर करावं लागलं, आणि ते २०१२ साली पूर्ण झालं. ज्या बायकांनी खटला लढवला त्यांतल्या अनेकींना ती शेतं पुन्हा नीट झालेली पाहता आली नाहीत.

मनुस्मृतीत भूमी शुद्ध करण्याचे पाच मार्ग सांगितले आहेत: झाडणं, सारवणं, शिंपणं, उकरून काढणं आणि गायींना तिथे बसवणं. महाडलाच २५ डिसेंबर १९२७ रोजी या ग्रंथाची होळी झाली, आणि ज्यांनी ती केली त्यांच्याकडे कारणं होती. या पाच मार्गांपैकी धातूच्या बाबतीत खरोखर कामाचा चौथाच, उकरण्याचा. तोयामाच्या लोकांनी तेच केलं. शेणखत आणि चुना यांनी काही धातू बांधून ठेवता येतात, एक प्रकारचं नेचं आर्सेनिक आपल्या पानांत ओढून घेतं, पण ती नेची कापून शेवटी कुठेतरी ठेवावीच लागतात. आपल्या परंपरेने प्रायश्चित्त आणि भूशुद्धी या दोन गोष्टी एकमेकींजवळ ठेवल्या. आता त्या अलग कराव्या लागतील. प्रायश्चित्ताने करणाऱ्याचं मन निवळेल, शेत निवळणार नाही. शेत निवळायला माणसांनी पिढीभर केलेलं काम लागतं, आणि ते काम करणारी माणसं बहुधा बिघाड करणाऱ्यांपेक्षा वेगळी असतात.

याच परंपरेत एक फार मोलाचा विचार मात्र आहे, आणि तो पूजेच्या गडबडीत मागे पडला आहे. गृहस्थाच्या घरात पाच सूना, म्हणजे हिंसेच्या पाच जागा असतात असं स्मृतिग्रंथ सांगतात: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. तिथे रोज नकळत जीव मरतात. त्यात कुणाचा दुष्ट हेतू नाही, आणि घर चालवायचं तर त्या टाळताही येत नाहीत. म्हणून गृहस्थाला रोजचे पंचमहायज्ञ सांगितले. हेतू नसलेल्या, टाळता न येणाऱ्या इजेचं ऋण रोज फेडायचं असतं, हा त्याचा अर्थ. मला या जुन्या विचारात आजच्या प्रश्नाची किल्ली दिसते. इथे अपराधी कोण असा सवाल नाही, आणि मी निर्दोष आहे अशी सुटकाही नाही. आपल्या जगण्याने कुणाला तरी लागतं, ते मान्य करायचं आणि त्याचं काम रोजच्या कर्तव्यांत बसवायचं. आपल्या काळात सहावी सूना वाढली आहे. आपल्या घराचं, शहराचं, कारखान्याचं पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा.

त्या सहाव्या सूनेचा यज्ञ कोणता? तोयामाच्या लोकांनी त्याचंही उत्तर दिलं आहे, धर्माचं नाव न घेता. १९७२ च्या निकालानंतर त्यांनी खाणीच्या कंपनीकडून एक करार मिळवला. खालच्या अंगाच्या रहिवाशांना तज्ज्ञांसह वरच्या खाणीत जाऊन पाहणी करण्याचा हक्क, आणि तिचा खर्च कंपनीचा. त्या पाहण्या पुढच्या पिढ्यांनीही चालू ठेवल्या. ज्याच्या शेतात पाणी येतं त्याने ते जिथून येतं तिथे जाऊन पाहावं, यापेक्षा अन्नशुद्धीचा चांगला विधी मला माहीत नाही. सोवळं एकट्याने पाळता येत नाही, असं मी म्हणते ते याच अर्थाने. खालच्याची शुद्धी वरच्याच्या हातात असते, तेव्हा दोघांनी मिळून ती राखावी लागते.

आपल्याकडे मृदा आरोग्य पत्रिका २०१५ साली सुरू झाली. तिच्यात बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पीक किती येईल हे या बारांवरून कळतं. ते पीक खाणाऱ्याचं काय होईल हे कळत नाही, कारण शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिक त्यात नाहीत. औद्योगिक क्षेत्राखालच्या नाल्यांवर ओलीत करणाऱ्या बाड्यांसाठी आणि कौडीकसासारख्या गावांसाठी हे तीन रकाने पत्रिकेत यायला हवेत. तपासणीचा खर्च भाजीवालीने करायचा नाही, आणि निकाल वाईट आला तर तिचं पोट बंद पडता कामा नये. नाहीतर खरं सांगण्याची शिक्षा सर्वांत दुबळ्या माणसाला होईल, आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं तर ती खरं सांगणार नाही. आश्रयदोषाचा न्याय्य अर्थ लावायचा तर तो असा लागेल: अन्न आपल्यापर्यंत येताना ज्यांच्या हातांतून आलं, त्यांच्यावर आपण काय लादलं, याची चौकशी.

या मुलखाला पाण्यासाठी उभं राहणं नवं नाही. धमतरीजवळच्या कंडेल गावात १९२० साली कालव्याचं पाणी चोरल्याचा आरोप ठेवून सरकारने शेतकऱ्यांवर दंड बसवला. पंडित सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले आणि छोटेलाल श्रीवास्तव यांच्या मागे गाव एकत्र राहिलं. जप्त केलेली जनावरं लिलावाला काढली तर बोली लावायला कुणी पुढे आलं नाही, आणि अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. त्यांचा प्रश्न पाणी किती आणि कुणाचं हा होता. आमच्या पिढीसमोर त्याच पाण्यात काय आहे हा प्रश्न आहे, आणि तो विचारायला त्या वेळेपेक्षा कमी धैर्य लागत नाही, कारण या वेळी समोर परकं सरकार नाही. समोर आपलीच नोकरी, आपलंच घर आणि आपलाच बाजार आहे.

पौष पौर्णिमेला इथे छेरछेरा असतो. मुलं दारोदार धान मागत फिरतात आणि कुणीही त्यांना रित्या हाती परत पाठवत नाही. नव्या पिकातलं पहिलं देणं मुलांच्या झोळीत पडतं. दान देताना धान कोणत्या पाण्यावर पिकलं हे जाणून घेणं, ते नीट नसेल तर वरच्या अंगाला जाऊन जाब विचारणं आणि खालच्या अंगाच्या माणसाला सोबत नेणं, हे सगळं त्या दानातच मोडतं असं मी मानते. नैवेद्य मी आजही करते, तितक्याच निगुतीने. पण माझ्या उपासनेतला जास्त कठीण भाग आता देवघराबाहेर आहे. अर्ज लिहिणं, नमुने तपासायला पाठवण्यासाठी कॉलोनीतल्या लोकांना तयार करणं, बाडीवाल्यांच्या बैठकीत बसून त्यांचं ऐकणं. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला उद्यापन नाही, आणि त्याचं फळ कदाचित माझ्यानंतरच्या कुणाच्या तरी ताटात पडेल. धर्माने गृहस्थाकडून रोज जे मागितलं, ते याहून वेगळं कधीच नव्हतं.